आधी मिलिटरी आली

उल्हासनगरचा पत्ता आकड्यांत असतो. कॅम्प नंबर, सेक्शन नंबर, बॅरेक नंबर, रूम नंबर. बॅरेक कधीच पाडून तिथे पाच मजले चढले असले तरी कुरिअरवाला ‘बॅरेक नंबर अमुकच्या समोर’ असंच विचारत येतो आणि पानवाला त्याला बिनचूक वाट दाखवतो. आकडे लष्कराचे आणि घरं सिंध्यांची. खालची जमीन कोणाची, हा विषय मात्र माझ्या आजासमोर काढायचा नाही, अशी आमच्या घरात शिस्त होती. कोणी काढलाच तर त्या दिवशीची संध्याकाळ गेली म्हणायची.

आम्ही आगरी. आमचं गाव शहराच्या पूर्वेच्या कडेला. आता ते इतकं आत ओढलं गेलंय की गाव कुठे संपलं आणि कॅम्प कुठे सुरू झाला हे बाहेरच्याला सांगता येणार नाही. आजाचा इतिहास तीन वाक्यांचा होता : “आधी मिलिटरी आली. मंग सिंधी आलं. मंग म्युन्शिपाल्टी आली.” मग बिडी विझवता विझवता चौथं वाक्य येई, “आमी कवा आलाव, कोनी इचारला नाय.”

मिलिटरी आली ती दुसऱ्या महायुद्धात. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात, एक कसाऱ्याकडे जातो आणि एक कर्जतकडे. मुंबई बंदर जवळ, उल्हास नदीचं पाणी हाताशी. या फाट्यांच्या बेचक्यात भाताची खाचरं बुजवून इंग्रजांनी कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प उभारला. सहा हजार सैनिक आणि इतर तीस हजार माणसं राहतील एवढा. लांबलचक बॅरेकी, मधून आखलेले सरळ रस्ते, पाच कॅम्प. आजा तेव्हा बारका पोर होता. गोरे सोजीर रिकामे डबे फेकत आणि पोरं ते गोळा करत, हे तो फार रंगवून सांगायचा. आमच्या घरात गोडेतेल काढायचं एक पत्र्याचं मापटं होतं. ते त्याच डब्यांतलं, असा आजीचा दावा. जमिनीबद्दल मात्र आजा गंभीर होई. लढाई संपली की परत देऊ, असं साहेबाने सांगितलं होतं म्हणे. लढाई संपली, सोजीर गेले, बॅरेकी ओस पडल्या. गावकरी बैलजोडी घेऊन पुन्हा बांधावर जायच्या विचारात होते, तोवर कल्याण स्टेशनातून ट्रकच्या ट्रक माणसं येऊन उतरायला लागली.

या माणसांची दुसरी बाजू मला चाचांकडून कळली. चाचा म्हणजे आजाचा दोस्त, कॅम्प चारमधला किराणा दुकानदार. आजा त्यांना सेठ म्हणायचा आणि ते आजाला पाटील. आमच्या घराण्यात पाटीलकी कधीच नव्हती, पण आजाने ती चूक आयुष्यभर दुरुस्त केली नाही. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अम्मा म्हणे. चाचा लारकाना जिल्ह्यातल्या खेड्यातले, अम्मा सिंधमधल्या हैदराबादची, शिकल्यासवरल्या घरातली. “उधर रहते तो ये शादी होती ही नहीं,” असं अम्मा चाचांच्या तोंडावर सांगायची आणि चाचा मान डोलवायचे. हैदराबादकर खेड्यात मुलगी देत नसत. कॅम्पात सगळ्यांचीच भिंत गोणपाटाची, तेव्हा कोण कोणाला नाव ठेवणार?

पंजाबच्या आणि बंगालच्या मधोमध रेघ ओढली गेली. सिंधमधून रेघ गेलीच नाही. अख्खा प्रांत पाकिस्तानात गेला. त्यामुळे ‘आपल्या’ बाजूच्या अर्ध्या सिंधमध्ये जाऊन राहायची सोय सिंधी हिंदूंना नव्हती. शिवाय ऑगस्ट १९४७ मध्ये बहुतेकांनी घर सोडलंही नव्हतं. राजा बदलतो, रयत तीच राहते, या हिशेबाने ते थांबले होते. डिसेंबरात हैदराबादेत दंगा झाला, ६ जानेवारी १९४८ ला कराचीत झाला आणि मग थांबणं संपलं. कोणी रेल्वेने मारवाडच्या वाटेने राजस्थानात उतरले, कोणी कराचीहून बोटीने ओखा, पोरबंदर, वेरावळ, मुंबई गाठली. मुंबईच्या गोदीत उतरलेल्यांची पांगापांग झाली. काही मुलुंड आणि चेंबूरला, काही पुण्याजवळ पिंपरीला, काही कोल्हापूरजवळ वळिवड्याला. वळिवड्याला युद्धकाळात पोलंडचे निर्वासित राहून गेले होते. तेच आजचं गांधीनगर. सर्वांत मोठा लोंढा कल्याणला आला, ९४ हजारांवर माणसं. छत्तीस हजारांसाठी बांधलेल्या जागेत.

मुंबईच का, असं मी एकदा चाचांना विचारलं होतं. त्यांना प्रश्नच बावळट वाटला. सिंध १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. घाऊक बाजारासाठी त्यांच्या वडिलांच्या पिढीची ये-जा मुंबईशीच. कराचीतली सिंधची पहिली सरकारी शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाने ओळखली जाते. हे गृहस्थ इकडून तिकडे शिक्षण खात्यात गेलेले अधिकारी, सिंधी भाषेच्या शाळांची घडी बसवणाऱ्यांपैकी एक. “हमारे बाप को तुम्हारे वैद्य ने पढ़ाया, अब तुम हमसे पूछता है इधर क्यूं आया!” चाचा गल्ल्यावरून ओरडले. काळाचा हिशेब त्यात बसत नव्हता. वैद्य एकोणिसाव्या शतकातले. पण उत्तर चोख होतं.

आता पावसाबद्दल. कॅम्पच्या जुन्या माणसांना फाळणीबद्दल विचारलं तर ती गप्प होत किंवा विषय बदलत. पहिल्या पावसाबद्दल विचारलं की तासभर बोलत. सिंधमध्ये वर्षभरात सात-आठ इंच पाऊस झाला तरी पुष्कळ. सगळी शेती सिंधू नदीच्या कालव्यांवर. हैदराबादेत घरांच्या छपरांवर ‘मंघ’ असत, वारा पकडून खाली खोलीत सोडणारी धुराडी. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याकडे. अम्माच्या आजीने इथल्या बॅरेकीत आल्यावर पहिला आठवडा छपराकडे बघत काढला, वारा कुठून येतो ते शोधत. वारा नव्हताच. मे महिन्यात उकाड्याने जीव गेला आणि जूनमध्ये वरून पाणी कोसळायला लागलं, ते थांबेचना. कल्याणला पावसाळ्यात शंभर इंच पाऊस म्हणजे आम्हाला नेहमीचा. त्यांना वाटलं प्रलय. अम्माची आजी रोज सकाळी हात जोडून नदीला म्हणायची, पुरे कर. सामान खाटेवर, पोरं सामानावर, चुली पाण्यात. पेटवायला कोरडी काडी मिळेना.

माझी आजी तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली. तिला यात धंदा दिसला. पळसाची पानं आणि बांबूच्या कामट्या घेऊन सासूसुना इरली विणायला बसल्या आणि आजा ती डोक्यावर रचून बॅरेकीत विकायला गेला. सुटाबुटातले, चष्मेवाले सिंधी मास्तर इरलं पांघरून रेशनच्या रांगेत उभे, हे दृश्य आजीने इतक्या वेळा सांगितलंय की मला ते प्रत्यक्ष पाहिल्यासारखं वाटतं. “त्यांना वाटला नदी वरशी येतंय,” ती म्हणायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. इरल्यामागून सरपण गेलं, दूध गेलं, भाजी गेली. जमिनीचं दुःख आजाचं होतं. आजीकडे रोख पैसे होते. आमच्या घरातलं पहिलं सोनं कॅम्पच्या पैशाचं आहे, हे आजा असताना कोणी बोललं नाही.

सुरुवातीला सरकार शिधा देई. पुढे तो बंद झाला, त्यावरून मोर्चेही निघाले. मग जो तो विकायला निघाला. रेल्वेच्या डब्यांत गोळ्या, बिस्किटं, कंगवे, पेनं. दारोदार कापड. बायका बॅरेकीत पापड लाटत. या पापडांनी किती संसार तोलले, याची नोंद कुठे सापडत नाही. पुरुषांच्या गोष्टींत पापड शेवटी, जेवताना येतो.

पुरुषांची लाडकी गोष्ट साखरेची. चाचांनी ती मला निदान वीस प्रकारे सांगितली असेल. बाजारात मराठी-गुजराती दुकानदार साखर दोन पैसे नफ्याने विकत. चाचांच्या वडिलांनी ती खरेदीच्या भावात विकायला काढली. लोक तुटून पडले. शेजारचा दुकानदार म्हणाला, हा वेडा महिन्यात बुडणार. वडील म्हणाले, नफा गोणीत आहे. रिकामं बारदान विकलं की तेवढे पैसे सुटतात. माल दिवसात संपतो, भांडवल महिन्यात तीसदा फिरतं. फार सुंदर गोष्ट. पुढे मी कोल्हापूरच्या गांधीनगरात एका कापडवाल्याकडे बसलो असता त्याने त्याच्या आजोबांची गोष्ट सांगितली : साखर, खरेदीचा भाव, रिकामी गोणी. पिंपरीतही ऐकली. तीन गावांत तीन आजोबांनी एकच युक्ती काढली असेल असं नाही, पण नसेलच असंही नाही. मला आता वाटतं, ती सगळ्यांनी मिळून पाळलेली गोष्ट आहे. हात रिकामे होते पण अक्कल होती, हे पोरांना सांगायला तिचा उपयोग होई. ज्यांची गोणीही उधारीची होती, ज्यांचं दुकान चाललं नाही, त्यांची गोष्ट सांगायला त्यांच्या घरचं कोणी बाजारात बसलेलं नसतं. कॅम्पात अशीही घरं होती. चाचांचा सख्खा भाऊ शेवटपर्यंत लोकलमध्ये खारे दाणे विकत होता. हे मला अम्माने सांगितलं, चाचा दुकानात असताना.

८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी आले, कोनशिला बसली आणि कॅम्पाचं नाव उल्हासनगर झालं, नदीवरून. चाचा त्या गर्दीत होते. ऐन श्रावणात चिखल तुडवत गेले आणि त्यांना राजाजींचा काळा चष्मा तेवढा दिसला. आमच्या गावातलं कोणी गेलं नाही. आजा म्हणायचा, बोलावणंच नव्हतं. आजी म्हणायची, लावणीची कामं होती.

देवाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडची माणसं लवकर जुळली. सिंधी लोकांचा झूलेलाल पाण्याचा देव. कमळात बसतो आणि ते कमळ पल्ला माशावर. हा सिंधू नदीतला मासा, आमच्याकडे पाला म्हणून ओळखला जाणारा. माशावर बसलेल्या देवाला आगरी माणूस हात जोडणार नाही, असं होईल का? आजी चेटीचंडच्या सणाला नेमाने जाऊन ताहिरी, म्हणजे गोड भाताचा प्रसाद घेऊन यायची. त्यांच्या टिकाण्यात, म्हणजे देवळात, झूलेलालाच्या जोडीला गुरू ग्रंथसाहेबही असे आणि शेजारी राधाकृष्ण. आजाला ही सोय फार आवडली होती. एकाच चपला काढण्यात तिघांचं दर्शन. कॅम्प पाचमधल्या चालिया मंदिरातली अखंड ज्योत सिंधमधल्या पीर गोठ गावातून आणलेली, असं सांगतात. पावसाळ्यात चाळीस दिवसांचं व्रत सुरू झालं की तिथे पाय ठेवायला जागा नसते. दंगलीच्या दिवसांत, गाड्या बदलत, पेटती ज्योत कोणी कशी आणली असेल, हा प्रश्न मी अम्माला विचारला होता. “जैसे बच्चे लाये, वैसे,” ती म्हणाली आणि भी सोलायला लागली. भी म्हणजे कमळकाकडी. ती इथे मिळेना तेव्हा कॅम्पातल्या बायकांनी आमच्या आजीला तळी हुडकायला लावली होती.

चेष्टेचा एक विषय आजा आणि चाचा या दोन म्हाताऱ्यांना कायम पुरला. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये कायदे झाले. निर्वासितांनी तिकडे काय सोडलं त्याचे दावे करायचे, तपासणी व्हायची आणि ठरलेल्या प्रमाणात भरपाई मिळायची. दावा जितका मोठा, तितका टक्का कमी. पुष्कळांनी ती भरपाई राहत्या बॅरेकीच्या किमतीत वळती करून घेतली, सनद मिळवली आणि लष्कराच्या खोलीचे मालक झाले. तर गंमत अशी की फॉर्म भरून कैक वर्षं झाली तरी तिकडच्या हवेल्या वाढत राहिल्या. आजा म्हणायचा, “सेठचा घर दर दिवालीला एक माला चढतंय.” चाचांचं एकमजली घर माझ्या लहानपणापर्यंत तीन मजली झालं होतं, वर गच्ची, गच्चीवर मंघ. खेड्यात मंघ होता का, असं विचारलं की अम्मा तोंड फिरवून हसे. चाचा मग उलटून विचारत, “पाटील, तेरी जमीन कितनी थी?” आजाची जमीन माझ्या वडिलांच्या लहानपणी तीन एकर होती. मी शाळेत गेलो तेव्हा पाच झाली. आजा गेला त्या वर्षी सातावर पोचली होती, त्यात आंब्याची दोन झाडं. एकालाही दुसऱ्याचा आकडा खोटा पाडायचा नव्हता. गेलेली वस्तू मोजायला कोणी येत नाही. मग सांगणाऱ्याने ती थोडी वाढवून घेतली तर बिघडलं कुठे? इतिहास लिहिणाऱ्याचं बिघडतं, हे कबूल. पण आजाची खरी जमीन तीन एकर होती की दोन, हे आता कोणालाच माहीत नाही, आणि मला ती सातच आवडते.

वडिलांच्या पिढीत बाहेरून बघणाऱ्यांना उल्हासनगर म्हटलं की नक्कल केलेला माल आणि ‘मेड इन यूएसए’चा विनोद आठवे. उल्हासनगर सिंधी असोसिएशन, असा त्याचा खुलासा. मला हा विनोद कधीच फार हसवू शकला नाही. ज्यांना हसायला आवडे तेच रविवारी गजानन मार्केटमध्ये कापडाला आणि फर्निचर बाजारात कपाटाला घासाघीस करताना दिसत. घरच्या बाबतीत मला वेगळं दिसलं. शहाडला सेंच्युरी रेयॉन आलं आणि गावातल्या पोरांना पाळीची नोकरी मिळाली. आणि कॉलेजं आली. हैदराबादेतलं नॅशनल कॉलेज मागे सोडून आलेले प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये वांद्र्याला पुन्हा नॅशनल कॉलेज उभारलं. त्यांच्याच मंडळाचं सीएचएम कॉलेज पुढे उल्हासनगरात आलं, स्टेशनाजवळ. आमच्या गावातला पहिला पदवीधर तिथला, म्हणजे माझे वडील. कॉलेज नसतं तर कल्याणच्या पलीकडे पाठवायची आजाची ऐपत नव्हती. हे मान्य करतानाही तो म्हणायचाच, “कालेज आमच्याच खाचरात हाय.” खाचर नेमकं तिथे नव्हतं. पूर्वेला, रुळांच्या अलीकडे होतं. पण एव्हाना सात एकर होतं, पोचलं असेल.

त्या कॉलेजांतून सिंध्यांची पोरं इंग्रजी शिकली आणि सिंधी विसरत गेली. १८५३ मध्ये इंग्रजांनी सिंधीसाठी अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी ठरवली होती. इकडे आल्यावर ती ठेवायची की देवनागरी घ्यायची, यावर लेखक मंडळींत मोठा वाद पेटला. १० एप्रिल १९६७ ला सिंधी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. राज्य नसलेल्या भाषेने मिळवलेली ती मोठी गोष्ट, पण शाळेत बसणारं पोर त्याने मिळत नाही. सिंधी माध्यमाचे वर्ग ओस पडत गेले. अम्मा शेवटपर्यंत बाजाराची यादी उजवीकडून डावीकडे लिहायची. ती तिच्या नातवंडांना वाचता येत नसे आणि मलाही, त्यामुळे सामान आणायला अम्मा स्वतः जायची.

आता तर शहरात फक्त सिंधीच राहतात असंही नाही. २०११ च्या जनगणनेत शहर पाच लाखांवर गेलं, तेही जेमतेम तेरा चौरस किलोमीटरात. कॅम्प चारची सुभाष टेकडी आंबेडकरी चळवळीची. जीन्स शिवायच्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहारची पोरं. जीन्स धुणाऱ्या कारखान्यांनी वालधुनी नदी निळी केली, तक्रारी झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि ते कारखाने बंद करायला लावले गेले. अंबरनाथचं शिलाहारांचं हजार वर्षांपूर्वीचं शिवमंदिर ज्या ओढ्याकाठी आहे, तोच हा पाण्याचा धागा. आजी त्यात भांडी घासायची. बॅरेकींच्या जागी इमारती चढल्या, त्यातल्या पुष्कळ बिनपरवाना. ८५५ इमारती पाडा, असा हुकूम उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा शहर हादरलं. २००६ मध्ये त्या नियमित करण्यासाठी सरकारने वेगळा कायदा केला. ज्यांच्या आजोबांना एकदा घर सोडावं लागलं त्यांना पुन्हा नोटीस, असं तेव्हा चाचा म्हणत. त्यात तथ्य होतं आणि बिल्डरांना ते सोयीचंही होतं. चाचांनी स्वतः एक मजला परवान्याविना चढवला होता. तिकडचा नव्हे, इकडचा.

२०१७ च्या जूनमध्ये जवळच्या नेवाळीचे शेतकरी रस्त्यावर उतरले. गाड्या जळल्या, पोलीस आले. महायुद्धात विमानतळासाठी घेतलेली जमीन परत द्या, ही मागणी. आमच्या घरात त्या दिवशी टीव्ही बंद झालाच नाही. आजा नव्हता. माझ्या चुलतभावाने दुसऱ्याच आठवड्यात आजाची ट्रंक उघडली आणि पिवळे कागद काढून कचेरीत जायला लागला. तिथेच त्याला चाचांचा नातू भेटला. त्याच्या सनदेतलं एका जुन्या खोलीचं माप आणि नकाशातलं माप जुळत नाही, म्हणून त्याची इमारत अडकली आहे. एकाला जमीन होती हे सिद्ध करायचंय, दुसऱ्याला जमीन आहे हे. दोघे कचेरीच्या बाहेर चहा पितात. दोघांचा वकील एकच, अंबरनाथचा. चुलतभावाने त्याने सांगितलेली फी मुकाट्याने कबूल केली होती. सेठच्या नातवाने तासभर बसून दोघांचीही कमी करून घेतली.